भिंतीच्या पोटातलं पाणी

पाऊस थांबून आठ दिवस झाले होते. लख्ख ऊन होतं. परसात मामीनं भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, आणि दुपारी तीनच्या सुमाराला आजोळच्या वाड्याची परसाकडची भिंत खाली बसली. धाडकन आवाज झाला नाही. पोत्यातून ज्वारी ओतावी तसा दगडमातीचा ढीग खळखळत शेंगांवर आला. मामी नुकतीच पाणी प्यायला आत गेली होती, म्हणून वाचली.

हिरण्यकेशीच्या काठचं लहानसं गाव आहे, संकेश्वर-निपाणी पट्ट्यातलं. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली येऊन बघून गेली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: 'जुनी झालती वो, पडणारच.' दर पावसाळ्यात आपण हेच वाचतो. खानापूर तालुक्यात घराची भिंत कोसळली, चिकोडीकडे कोसळली, बेळगावच्या जुन्या गल्लीत कोसळली. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा तर पडलेल्या घरांच्या याद्याच लागल्या. पंचनाम्यात ए, बी, सी अशी वर्गवारी झाली, २०१९ साली पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर झाले. घर पडण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा दोन शब्दांत उरकलं जातं: जुनं घर.

वयाचं कारण मला पटत नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या काळातली, आणि अजून उभी आहे. आमची भिंत सव्वाशे पावसाळे काढून उभी होती. ती पुरात पडली नाही, ऐन पावसात पडली नाही, आणि उन्हात पडली. असं का व्हावं?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलेल्या गवंड्यानं दिलं. हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा, आमच्याशी मराठीत बोलणारा म्हातारा मिस्त्री. त्यानं ढिगाकडे बघितलंच नाही. अजून उभ्या असलेल्या अर्ध्या भिंतीच्या उघड्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती काढली आणि आवळली. आठ दिवसांच्या उन्हानंतरही त्या मातीचा लाडू वळला गेला. तो म्हणाला, 'नीर ओळग कुंतैती.' पाणी आत बसलंय.

ते आत कसं बसलं आणि बाहेर का पडलं नाही, एवढंच समजून घेतलं तरी जुन्या दगडी घराचं बरंचसं बांधकामशास्त्र समजतं.

एका भिंतीत दोन भिंती

वाड्याची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढा जाड दगड रचलाय. तसं नसतं. बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचा एक पापुद्रा, आतल्या बाजूला दुसरा पापुद्रा, आणि मधल्या पोकळीत खांडक्या, मुरूम, माती, विटांचे तुकडे. या मधल्या मालाला भराव म्हणतात. आमच्या भिंतीच्या पोटातून गोगलगायींची शंखं निघाली, फुटक्या कौलांचे तुकडे निघाले, एका सुगडाचा काठ निघाला.

दर्शनी दगडसुद्धा चौकोनी ठोकळा नसतो. पाथरवट त्याचं तोंड घडवतो, कडा सरळ करतो. मागची बाजू ओबडधोबड, निमुळती ठेवतो. ते निमुळतं टोक भरावात रुतून बसतं. बाहेरून सुरेख दिसणारी भिंत अशी आतून मातीच्या भरवशावर असते.

मग दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटून जात का नाहीत? गादी आठवा. वर-खाली कापड, मधे कापूस, आणि ठिकठिकाणी आरपार टाके. टाके उसवले की कापूस एका जागी गोळा होतो आणि गादीला फुगवटा येतो. भिंतीतही असेच टाके घालायचे असतात: मधेमधे एकेक लांब दगड, जो बाहेरच्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत आरपार जातो. सरकारी मानकांप्रमाणे असे दगड आडवे साधारण १.२ मीटरवर आणि उभे ६० सेंटिमीटरवर असावेत. चांगला गवंडी हे मानक लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून पाळत आला. पण लांब दगड मिळायला अवघड, घडवायला महाग. मालकाचा हात आखडला की पहिली काटछाट इथे व्हायची, कारण बाहेरून ते कुणालाच दिसत नाही.

आमच्या पडलेल्या भागाची लांबी बारा-तेरा फूट होती. त्या सगळ्या ढिगात मी आरपार दगड शोधला. एकच मिळाला. आणि ज्या कोपऱ्यात सुरुवातीपासून लांब दगड आलटून-पालटून बसवले होते, तो कोपरा एकटा, दाढेसारखा उभा होता.

आता या भिंतीत पाणी शिरलं असं समजा. कोरडी माती घट्ट असते, दगड धरून ठेवते. भिजली की तिचं वजन वाढतं आणि धरण्याची ताकद जाते. दोन्ही गोष्टी एकदम होतात. ती खाली सरकते, खालच्या बाजूला दाटते आणि बाहेरच्या पापुद्र्याला आतून ढकलते. याला आपण भिंतीला पोट आलं म्हणतो. माती हळू भिजते आणि त्याहून हळू सुकते, म्हणून पाऊस थांबल्यावरही हे ढकलणं चालूच राहतं. उन्हात पडलेल्या भिंतीचं कोडं इथे सुटलं.

दगड कुठला, त्यावर पुढचं सगळं

आपल्या बेळगाव जिल्ह्यात दगडी घर म्हणजे एकच प्रकार नाही. निपाणी-चिकोडीकडे काळा दगड आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खानापूरकडे आणि बेळगावच्या पश्चिमेला जांभा. गोकाकच्या बाजूला, धबधब्याच्या कड्यात दिसतो तसा, वाळूचा लालसर दगड. पाया खणताना जे हाताला लागलं त्याचं घर झालं. बैलगाडीच्या काळात दुसरं काही परवडतही नव्हतं.

यातला जांभा फार विलक्षण आहे. भरपूर पाऊस आणि ऊन हजारो-लाखो वर्षं मूळ खडकावर पडत राहिलं, त्यातलं विरघळणारं ते धुऊन गेलं, आणि लोखंड व ॲल्युमिनियमचे अंश मागे राहिले. बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना आला तो याच कुळातल्या मातीमुळे. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, हत्यारानं सहज चिरता येतो, म्हणून त्याच्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. हवेवर तो कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन यानं मलबारात हा दगड पाहून १८०७ साली त्याला 'लॅटराइट' हे जे शास्त्रीय नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. पाहिलेल्या माणसाला पटेल असंच ते नाव आहे.

आपल्या कामाचा फरक मात्र दुसराच. जांभा अनारशासारखा जाळीदार, तो पाणी पितो आणि सोडतो. घट्ट काळा दगड जवळजवळ पाणी पीतच नाही. म्हणजे काळ्या दगडाच्या भिंतीत जे पाणी शिरतं ते दोन दगडांच्या मधल्या फटीतून शिरतं, आणि बाहेर पडायलाही तीच एक वाट. त्या फटीला गवंडी दर्ज म्हणतात. काळ्या दगडाच्या घराचा श्वास म्हणजे त्याच्या दर्जा.

दर्जेतला चुना आणि कमरेच्या डबीतला चुना

दोन दगडांच्या मधे जे भरलेलं असतं ते दगडांना चिकटवण्यासाठी असतं, असा आपला समज आहे. फार थोड्या प्रमाणात तो खरा आहे. दगड आपल्या वजनानंच एकमेकांवर बसलेले असतात. मधल्या मालाचं मुख्य काम गादीचं: वरच्या दगडाचं वजन खालच्या दगडावर सगळीकडे सारखं पोचवायचं, म्हणजे एखाद्या उंचवट्यावर सगळा भार येऊन दगड तडकणार नाही.

साध्या घरात हे काम चिखल करायचा. ऐपत असेल तिथे निदान बाहेरच्या दर्जांत चुना. चुना कसा कडक होतो हे निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात तरी कुणाला सांगायला नको. कमरेच्या डबीत ओला चुना असतो तो महिनोन्‌महिने मऊ राहतो. पण झाकणाच्या कडेला जो लागून राहतो तो काही दिवसांत असा दगड होतो की नखानं निघत नाही. कारण तिथे त्याला हवा लागते.

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो कळी उरते. या कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो रटरटतो आणि फुलून लोण्यासारखा होतो. वाळू घालून तो दर्जेत भरला की हवेतून निघून गेलेला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचं पीठ केलं, आणि पिठाचा परत दगड झाला. त्याला महिने लागतात, जाड भिंतीत तर वर्षं. पूर्वी यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. ओल असेल तिथे विटांची पूड, म्हणजे सुरखी. सुरखीनं चुना ओलीतही आवळतो.

असा चुना कडक झाला तरी दगडापेक्षा मऊ राहतो, आणि त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. या दोन गोष्टी कमीपणाच्या वाटतात. दगडी घर टिकतं ते त्यांच्यामुळेच.

जुनी वाकळ शिवायला आजी सुती दोराच घ्यायची. नायलॉनचा दोरा पक्का, तो तुटत नाही, पण ओढ बसली की तो वाकळीचं कापड फाडतो. सुती दोरा स्वतः तुटतो, कापड शाबूत राहतं, आणि तुटलेला टाका परत घालता येतो. भिंत उन्हानं फुगते, थंडीत आक्रसते, पाया केसभर खचतो. ही ओढ कुणीतरी सोसायला हवी. चुन्याच्या दर्जा ती सोसतात, बारीक तडकतात, आणि पुढच्या पावसात थोडा चुना विरघळून त्या चिरा कित्येकदा आपोआप बुजतात.

सिमेंट कुठून आलं आणि काय बिघडलं

आपल्या भागात एक तारीख शाळेतल्या पोरालाही पाठ असते: २३ ऑक्टोबर १८२४, कित्तूरची लढाई, राणी चन्नम्मांच्या सैन्यापुढे धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला तो दिवस. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ ऑक्टोबर १८२४ला, इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याला 'पोर्टलंड सिमेंट'चं पेटंट मिळालं. भारतात सिमेंटचे कारखाने निघायला विसावं शतक उजाडलं, आणि आपल्या खेड्यांत ते रुळायला आणखी काही दशकं गेली. म्हणजे तुमच्या आजोळचा वाडा शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल तर त्याच्या बांधणाऱ्याला सिमेंट माहीतच नव्हतं. त्याचा सगळा हिशेब चुना-मातीचा होता.

आमच्या वाड्यात सिमेंट आलं ते वीसेक वर्षांपूर्वी, आणि फार प्रेमानं आलं. मामांनी पहिला मोठा पैसा हाती आल्यावर आईबापांच्या घराची डागडुजी काढली. दर्जा खरवडून सिमेंट भरलं, वर उठावदार पट्टी ओढली, तिला काळा रंग दिला. आजही गल्लोगल्ली अशी काळ्या रेघांची दगडी घरं दिसतात. फार देखणी दिसतात. आतून गिलावा सिमेंटचा, त्यावर ऑइल पेंट. शेणानं सारवायची जमीन जाऊन गुळगुळीत फरशी आली. त्याच सुमाराला गल्ली काँक्रीटची झाली, काही वर्षांनी तिच्यावर दुसरा थर पडला. आजोळच्या उंबऱ्यापर्यंत माझ्या लहानपणी तीन पायऱ्या होत्या, आता एक आहे. बाकीच्या दोन रस्त्याच्या पोटात गेल्या.

यातलं प्रत्येक काम घर टिकावं म्हणून केलेलं. पण पाण्याच्या बाजूनं बघा. जमिनीतली ओल भिंतीत चढते, समईच्या वातीतून तेल चढतं तशीच. पूर्वी ती सारवलेल्या जमिनीतून, चुन्याच्या दर्जांतून वाटेतच उडून जायची. जोतं, म्हणजे भिंतीखालचा चौथरा, उंच होतं, म्हणून चढलेली ओल भिंतीपर्यंत पोचायच्या आतच बाहेर निघायची. आता जमिनीवर फरशी, आतून ऑइल पेंट, बाहेरून सिमेंट, आणि जोतं रस्त्याखाली गेलेलं. ओल वर चढत राहते, कारण तिला दुसरीकडे जायला जागा नाही.

खानापूरचा माठ आणा आणि त्याला बाहेरून ऑइल पेंट लावा. माठ फुटणार नाही, गळणार नाही, उलट चकचकीत दिसेल. फक्त पाणी गार व्हायचं थांबेल, कारण माठाला घाम सुटायचा थांबला. भिंतीचं तेच झालं. आणि सिमेंटनं पाणी आत येणं तरी थांबलं का? नाही. सिमेंट ताठ आहे, दगडाबरोबर हलत नाही, म्हणून दगड आणि सिमेंट यांच्यामधे कागदाएवढी फट पडतेच. वाऱ्याच्या पावसाचं पाणी तेवढ्या फटीतून ओढलं जातं. आत यायला फट पुरते, उडून जायला ती पुरत नाही. दर पावसाळ्याला थोडं जमा, थोडं शिल्लक. वीस वर्षांची ती शिल्लक मिस्त्रीच्या मुठीत होती.

जांभ्याच्या आणि वाळूच्या दगडाच्या घरात नुकसान आणखी एका वाटेनं होतं. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर येतात. दर्जेची वाट बंद, म्हणून पाणी दगडातूनच बाहेर पडतं आणि क्षार दगडाच्या कातडीखाली साचून फुलतात. आपण म्हणतो लोणा लागला. चुन्याच्या भिंतीत लोणा दर्जेला खातो. दर्ज परत भरता येते. सिमेंटच्या भिंतीत तो दगडाला खातो. काही वर्षांनी दगड खोल गेलेला आणि सिमेंटची चौकट तेवढी पुढे आलेली, अशी घरं खानापूर रस्त्याला मी स्वतः पाहिली आहेत. बघवत नाहीत.

छत्री आणि सांगाडा

भिंतीइतकंच महत्त्वाचं तिचं छप्पर. काणकुंबी-जांबोटीकडे पाऊस धो-धो, तिथे छप्पर उतरतं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. अथणीकडे पाऊस कमी, तिथे मातीचं सपाट माळवद चालतं. एकाच जिल्ह्यात दीडशे किलोमीटरच्या आत घराची टोपी बदलते. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशननं यंत्रावरची कौलं काढली, ती पुढे आपल्याकडेही पसरली, आणि खानापूरच्या मातीलाही कौलांचं नाव मिळालं.

वाड्यात आणखी एक युक्ती आहे. सोप्यात, माजघरात लाकडी खांब असतात, त्यांवर तुळया. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण; घर केवढं ते खणांत सांगायचं. कन्नडमधे खांबाला कंब आणि आपल्या पडसाळीला पडसाले. सुतार-गवंड्यांची भाषा सीमा बघत नाही. जिथे खांब भिंतीलगतही असतात तिथे छपराचं ओझं बरंचसं लाकडी सांगाड्यावर असतं आणि भिंत बाहेरचा अडोसा होते. आमची परसाकडची भिंत पडली तरी छप्पर जागेवर राहिलं. आतल्या बाजूला सागवानी खांबांची रांग होती. मामीच्या अंगावर अख्खं छप्पर आलं नाही, ते त्या रांगेमुळे.

म्हणून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकताना दहा वेळा विचार करावा. १२ सेंटिमीटरचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भरतो. लाकूड धरूनही कौलारू छप्पर त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असतं.

'मग धरणं आणि पूल सिमेंटचेच आहेत ना?'

आहेत, आणि उत्तम आहेत. सिमेंट वाईट नाही. ते सुरुवातीपासून सिमेंटच्या हिशेबानं बांधलेल्या, आत सळ्या असलेल्या, भक्कम पायाच्या बांधकामासाठी आहे. तिथे पाणी आत येऊ द्यायचंच नसतं. चुना-मातीच्या घराचा हिशेब निराळा: पाणी येणार हे धरून चालायचं आणि त्याला जायची वाट ठेवायची. आपण दुसऱ्या हिशेबाच्या घराला पहिल्या हिशेबाचं झाकण लावलं, बिघाड तिथे झाला.

'किल्लारीला दगडी घरांखालीच माणसं गेली'

ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या त्या रात्री, लातूर-उस्मानाबादकडे भूकंपात हजारो माणसं झोपेत गेली. तिथल्या भिंती गोल, न घडवलेल्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या, आरपार दगड जवळपास नसलेल्या. वर मातीचं दीड-दोन फुटी माळवद. एक फूट मातीचंच वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातं. कितीतरी घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. त्यातून घ्यायचं ते असं की भिंतीला टाके हवेत, डोक्यावर ओझं कमी हवं, आणि दाराखिडक्यांच्या वरून घराला चारही बाजूंनी एक सलग पट्टा हवा, करदोट्यासारखा. २०१६च्या सरकारी मानकात बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात धरलेलं होतं. तेव्हा हे आपल्यालाही लागू आहे. आरपार दगड नसलेल्या उभ्या भिंतीतही नंतर टाके घालता येतात: ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरायचं. या कामात सिमेंट योग्य ठिकाणी येतं.

'चुना मिळतो कुठे, आणि हे करणार कोण?'

चुना मिळत नाही हे आपल्या भागात तरी कुणी म्हणू नये. उसाचा रस निवळायला चुना लागतो, आणि आपल्याकडे साखर कारखान्यांची रांग आहे. अडचण वेगळी आहे. रंगाच्या दुकानात वर्षभर पडून राहिलेली चुन्याची पूड बांधकामाला उपयोगी नाही. तिनं हवा खाऊन आपलं काम आधीच संपवलेलं असतं. ताजी कळी आणायची, खड्ड्यात पाण्याखाली निदान काही आठवडे मुरवायची, मग वापरायची. वेळ लागतो, मजुरी जास्त पडते, आणि भर पावसात हे काम करता येत नाही. हे सगळं खरं आहे. जाणते गवंडीही कमी झालेत. पण साठीच्या पुढच्या कुठल्याही गवंड्याला विचारून बघा, लहानपणी बैलाची चुन्याची घाणी पाहिलेला कुणी ना कुणी निघतोच.

'आमच्याकडे सिमेंट मारून झालंय'

बहुतेकांचं हेच आहे. म्हणून घाबरून सगळं सिमेंट एकदम ठोकून काढू नका. त्या हादऱ्यानंच दगड सुटतात. आधी भिंत बघा. ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, सोडला की फुगवटा कळतो. हातोडीनं हलकं वाजवलं आणि बद्द आवाज आला तर पापुद्रा भरावापासून सुटलाय. तुळईचं टोक आणि भिंत यांच्यात फट दिसत असेल, किंवा चिरेवर लावलेला चुन्याचा टिक्का महिन्याभरात तडकला, तर भिंत अजून हलते आहे. अशा भिंतीला टेकू द्या, तिच्या कडेला अंथरूण घालू नका आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरला बोलवा. हे उद्यावर ढकलण्यासारखं काम नाही.

भिंत सरळ असेल तर सावकाशीनं घ्या. सगळ्यात आधी छपराचं गळणं आणि पन्हळ. मग घराभोवतीचं पाणी: भिंतीलगतचं काँक्रीट हातभर तोडून तिथे खडी भरली, उतार बाहेर दिला, तरी जोतं पुन्हा श्वास घेऊ लागतं. मग आतला ऑइल पेंट. दर्जांची पाळी शेवटी, एकेक पट्टा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, हातानं छिन्नी लावून.

आमच्या परसात त्या दिवाळीनंतर चुन्याचा खड्डा झाला. मामा सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी आहे ना ते बघायचे. काळ्या रेघांचं काम आपणच करून घेतलं होतं याची त्यांना फार चुटपुट लागून राहिली होती. मिस्त्री त्यांना एकदा म्हणाला, 'मालक, त्यावेळी मलाबी तेच येत होतं.' पडलेले दगड धुऊन तेच परत लावले. पोटातली माती चाळून, सुकवून, चुना मिसळून परत भरली. लांब दगड तेवढे खाणीतून नवे आणले, अकरा नग.

असा एकेक आरपार दगड बसला की मिस्त्री आतल्या तोंडावर छिन्नीनं बोटभर फुली मारायचा. गिलाव्याखाली जाईल, कोण बघणार, असं मी म्हटलं. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, 'फुडचा गवंडी बघंल की. त्याला हुडकत बसाय नको.'